उजळाईवाडीची जोडी

नवी बैलजोडी दावणीला आणली, की पहिल्याच दिवशी तिला उसाच्या भरल्या गाडीला आपण जुंपत नाही. आधी तिचा स्वभाव बघतो. विमानाचेही तसेच असते, हे मला परवा उजळाईवाडीला कळले.

कोल्हापुरातून महामार्गाने गोकुळ शिरगावच्या बाजूला निघाले की हा विमानतळ लागतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो झाला. २०२४ मध्ये नवी इमारतही झाली. आम्ही गेलो होतो ते पुतण्याकडचे विमान बघायला. तो वैमानिक आहे. त्याच्या मालकांनी डायमंड डीए-४२ हे चार जणांचे विमान नवे घेतले आहे. दोन पंखांवर दोन इंजिने, प्रत्येकी १६८ अश्वशक्तीची. मूळ इंजिन मर्सिडीजच्या डिझेल मोटारीचे. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचे भाऊबंदच की! चालते मात्र रॉकेलच्या जातीच्या विमान-इंधनावर.

"एक बंद पडलं तर दुसरं आहेच," वहिनी म्हणाल्या.

"आहे गं आई, पण एक बैल बसला की गाडी कुठं वळते?"

"बसल्याच्या अंगाला."

विमानही बंद इंजिनाकडे ओढते. मग चालू बाजूचा पाय दाबून शेपटीचे सुकाणू वळवायचे, बंद पंख्याची पाती वाऱ्याला कडेने धरायची. वेग तांबड्या खुणेखाली गेला तर पाय दाबूनही विमान आवरत नाही, उलटू शकते. ताकद निम्मी होते. चढण्याचे बळ मात्र निम्म्याहून फार जास्त घटते. म्हणून सध्या तो शिक्षकाला शेजारी बसवून, उंचावर जाऊन, एक इंजिन मुद्दाम मंद करून सराव करतो.

निघताना वहिनींनी विमानाला लांबूनच नमस्कार केला. एक डाव्या पंख्याला, एक उजव्या.