मुठीचे माप

महसूल खात्यात असताना शस्त्रपरवान्याचे पुष्कळ अर्ज मी हाताळले. अर्जात कारण, मिळकत, चारित्र्य सारे असे; अर्जदाराचा पंजा केवढा, हे कोणी विचारीत नसे. यंदा भालकीच्या भाच्याने "मामा, कोणते रिव्हॉल्व्हर घेऊ?" असे विचारले, तेव्हा मात्र माझे लक्ष प्रथम त्याच्या रुंद तळव्याकडे गेले. दसऱ्याला पुजतो त्या आमच्या जुन्या तलवारीच्या मुठीत त्याची चार बोटे मावत नाहीत!

.38 व 9 मिलिमीटर ही बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध, उरते बहुधा.32. कानपूरच्या कारखान्याने 2014 साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेले 'निर्भीक' सुमारे 500 ग्रामचे. बाळगावयास सुखाचे खरे. परंतु आखूड मुठीवर मोठ्या हाताची करंगळी अधांतरी राहते, बोट चापात खोल शिरून नेम बाजूस ओढते, आणि हलक्या शस्त्राचा झटकाही अधिक. म्हणून लांब मूठ आणि थोडे अधिक वजन पाहा, रिकामे शस्त्र हाती धरल्यावाचून पैसे मोजू नकोस, असे मी सांगितले.

परवाना त्याच्या एकट्याच्या नावे, तेव्हा कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच हवी. यास भाचेसून अद्याप राजी नाही.