गोडी गेली की झोप?

पडद्यावर दोन चौकोन. एकावर बोट ठेवलं की बहुतेक वेळा गुण मिळतात, दुसऱ्यावर क्वचित. कुठला कसा, ते सांगायचं नाही. माणूस खेळत जातो आणि त्याच्या निवडींची रांग माझ्याकडे येते. डिप्रेशन समजून घेण्यासाठी गोखिवऱ्यातल्या घरी बसून त्या रांगेवर गणिती मॉडेल बसवणं हे माझं काम. शेजारी विचारतात, "म्हणजे डिप्रेशन कम्प्युटरला कळतं?" नाही कळत.

मॉडेलचा गाभा जुना आहे. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी 1972 मध्ये मांडलं, की अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळकत यांच्यातल्या फरकाने पुढची अपेक्षा सरकते. माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी याच फरकाला प्रतिसाद देतात, असं शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी 1997 मध्ये दाखवलं.

निराश माणसाला कशात गोडी उरत नाही, हे कुठलीही आजी सांगेल. पण गोडी वाटतच नाही, की वाटलेली मनात ठसत नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ह्यूस आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एकाच चाचणीचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फरक शिकण्याच्या वेगापेक्षा बक्षिसाच्या वाटणाऱ्या किमतीत अधिक दिसला.

खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, इथून पुढे आहे. बक्षिसाची किंमत आणि निवडीतला ठामपणा हे आकडे समीकरणात एकमेकांना गुणले जातात. गुणाकार सहा आला तर तो दोन-तीनचा की एक-सहाचा, हे निवडींवरून ओळखता येत नाही. समजा, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला कामगार रात्रपाळी करून थेट चाचणीला बसला. डोळे मिटताहेत, बोट कुठेही पडतंय. मॉडेल त्याचीही गोडी गेल्याचं सांगेल!

म्हणून मी आधी कम्प्युटरलाच खेळायला लावते. त्यात मी घातलेले आकडे मॉडेलने परत शोधून दिले नाहीत, तर खऱ्या माणसाच्या रांगेला हात लावायचा नाही, आलेख कितीही देखणा येवो. आणि चाचणीआधी झोप किती झाली, ते विचारायचं. या साध्या प्रश्नाने जेवढं काम होतं तेवढं नव्या समीकरणाने क्वचितच होतं.

यातून गटाबद्दल काही बोलता येतं. एका माणसाचं निदान होत नाही. घरात कुणाची गोडी गेली असेल तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेली-मानसच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.