धान निघालं की नाटक

बल्लारपूर मागे पडलं तरी कागद कारखान्याचा वास बराच वेळ बसमध्ये रेंगाळतो. मग कोठारी येतं आणि दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. गोंडपिपरी हे या वाटेवरचं तालुक्याचं गाव. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा आणि खाली दोघी मिळून झालेली प्राणहिता. वर्धेपलीकडे तेलंगणा. तालुक्यातल्या धाब्याला ज्या संताची यात्रा भरते, त्यांचं नावही तेलुगू वळणाचं, कोंडय्या महाराज.

मी निघालो होतो नाटक बघायला. जानेवारीत इकडे येणाऱ्याला कुणी दुसरं कारण विचारतही नाही. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी माझी पिशवी पाहून थेट विचारलं, "नाटक पायाले आले का जी?" त्या स्वतः लेकीकडे चालल्या होत्या, त्याच नाटकाला. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात, नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे उतरतात. लेकी माहेरी येतात, सोयरीक जुळवणारे स्थळं हेरत बसतात, चुलीवर तांदळाच्या पिठाचे वडे चढतात.

हा मुलूख गोंड राजांचा. त्यांची राजधानी आधी बल्लारपूरला होती, नंतर ती चंद्रपूरला गेली. 1751 मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1854 मध्ये इंग्रजांकडे. लगेच चार वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1858 रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी झाली. राजा गेला, दरबार गेला. पण इथल्या दंडारीला दरबार लागतच नव्हता. दिवाळीनंतरच्या मंडईत गावातलेच गडी नाचत-गात, सोंगं आणत. त्या दंडारीच्या जमिनीवरच पुढे झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या चार जिल्ह्यांत ती आजही तिकिटावर चालते. धान चुरून झालं, हातात पैसा आला की हंगाम सुरू. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने बैलांचे पट थांबले, ते 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात पट नव्हते, तरी कोरोना येईपर्यंत नाटकं होतच राहिली.

या रंगभूमीला कायमचं नाट्यगृह नाही. ज्या गावात मी पोचलो तिथे पोरांनी कापणी झालेल्या बांधीत उतरता खड्डा खणला होता आणि निघालेल्या मातीचा मंच रचला होता. मागच्या माणसालाही पुढचं दिसावं, एवढा साधा हिशेब. पडदे, पोशाख, दिवे वडशाच्या ड्रेपरीवाल्याकडून आले होते. वडसा म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा रेल्वे तिथून जाते, बाजारपेठ मोठी, म्हणून नाटक कंपन्यांनी तिथेच बस्तान मांडलं. तिथे रस्त्याला लागून कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं येतात, पोस्टर बघतात, घासाघीस करून तारीख पक्की करतात. कंपनीचा मालक बहुतेक वेळा स्वतःच नट असतो, नाहीतर लेखक. कलावंतांनी उभं केलेलं, कलावंतांनीच चालवलेलं आणि अनुदानाची वाट न बघणारं असं जाळं मला महाराष्ट्रात दुसरीकडे दिसलेलं नाही.

स्वतःच जागा उभी करणाऱ्या जपानी चित्रकारांची मला इथे आठवण झाली. ओसाकाजवळच्या अशियात जिरो योशिहारा यांच्या गुताई गटाने 1955 च्या उन्हाळ्यात पाइनच्या बनात, उघड्या आभाळाखाली प्रदर्शन भरवलं. पुढे 1962 मध्ये त्यांनी जुन्या गोदामात स्वतःचं दालन उघडलं. तोक्योच्या गिन्झा भागात तर चित्रकाराने पदरचं भाडं भरून आठवडाभर दालन घ्यायचं, अशी रीतच होती. कलावंताने जागा मिळवायची, खर्च सोसायचा आणि मग बघणाऱ्याची वाट बघायची. झाडीपट्टीत उलट आहे. जागा गाव देतं, कलावंताला बोलावणं गाव धाडतं, तोटा आला तर तोही मंडळ सोसतं आणि नफा झाला तर तो गावाच्या एखाद्या कामी लागतो. गोंडपिपरीच्या या शेतकऱ्यांनी जे जमवलं आहे, ते जगातल्या भल्याभल्या कलानगरांना जमलेलं नाही, असं मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

पडदा उघडायला रात्रीचे दहा वाजून गेले. मंचावर वरून दोन माईक लोंबत होते. संवादाची वेळ आली की नट चालत चालत बरोबर त्यांच्याखाली यायचा, बोलून झालं की दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायचा. कुणी कुणाच्या वाटेत येत नव्हतं. विंगेत प्रॉम्प्टर पुस्तक धरून उभा, समोर ऑर्गन आणि तबला. नाटकात दारुडा बाप होता. दारू हा इथला जिवंत विषय: वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. इकडे चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बापाने मुलीच्या लग्नाचे पैसे उचलले, तेव्हा बायकांच्या बाजूने त्याला मोठ्याने शिव्या बसल्या. मधेच लावणी आली, थोडे सवंग विनोदही आले. ते मला आवडले नाहीत. पण पहाटे पाचपर्यंत एवढी माणसं थंडीत बसून राहिली ती त्या बापासाठी आणि त्या मुलीसाठी.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे 800 भूमिका आणि 5,000 प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. मान मोठा आहे, पण बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. इथला कलावंत नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशावर, जगतो. होळी झाली की मेकअपची पेटी बंद, मग शेती नाहीतर मजुरी. कोरोनाने हंगाम बुडवला तेव्हा कुठली पगारी रजा नव्हती, विमा नव्हता. सरकारने इथे काही करायचंच असेल तर सिमेंटच्या सभागृहाआधी या माणसांच्या पावसाळ्याचा आणि म्हातारपणाचा विचार करावा.

पहाटे नाटक संपल्यावर नायिकेचं काम करणारी मुलगी तोंड धुऊन, शाल गुंडाळून गाडीपाशी उभी होती. त्याच दिवशी रात्रीचा प्रयोग वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या बाजूला होता. झोप कधी, असं विचारलं तर म्हणाली, "गाडीतच होते जी." मंडळाचे अध्यक्ष उरलेले पैसे मोजून कंपनीच्या माणसाच्या हातात देत होते. पावती होताच त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख तिथेच पक्की केली, पटाची दुसरी रात्र.