भोपळ्याच्या राजाची कॅसेट

परवा रात्री मोबाईलवर त्या खेळाचं खरं नाव सापडलं. ‘स्प्लॅटरहाउस: वानपाकु ग्राफिटी’. जपानच्या नामको कंपनीनं 31 जुलै 1989 रोजी फॅमिकॉमसाठी काढलेला. वानपाकु म्हणजे खोडकर, द्वाड. आम्ही त्याला ‘भोपळेवाला’ म्हणायचो.

कॅसेट चाचानं आणली होती. तो कुर्ल्याला गॅरेजात कामाला. माणमधल्या माणसांना पोटासाठी मुंबई गाठावीच लागते, आमचं घर त्याला अपवाद नव्हतं. ईदला तो दहिवडीला यायचा, तसा एकदा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. त्यातल्या कॅसेटीवर जपानी अक्षरं होती. आम्हाला वाचता येत नव्हती आणि त्यानं काही अडतही नव्हतं.

खेळ सुरू होतो तो कबरीपाशी. जेनिफर नावाची मुलगी रिकच्या कबरीपाशी रडतेय. वीज कडाडते आणि रिक कबरीतून बाहेर येतो. मोठ्या डोक्याचा, तोंडावर मुखवटा, हातात कुऱ्हाड. तेवढ्यात शेजारच्या कबरीतून भोपळ्याच्या डोक्याचा राजा निघतो आणि जेनिफरला पळवतो. मग रिक त्याच्या मागे. जितकी भुतं मारावीत तितकी त्याची ताकद वाढते. एका ठिकाणी रक्तपिपासू सरदार मायकल जॅक्सनसारखा नाचतो आणि मुडदेही त्याच्याबरोबर ठेका धरतात. तिथं चाचा खेळ थांबवून स्वतः नाचून दाखवायचा.

मूळ ‘स्प्लॅटरहाउस’ 1988 चा, भयंकर रक्तबंबाळ. त्याच कंपनीनं वर्षभरात आपल्याच भुतांची टर उडवली, याचं मला आज जास्त कौतुक वाटतं. आम्ही रामसे बंधूंवर वाढलेली पोरं. ‘पुराना मंदिर’मध्ये हसवायला जगदीप होते, पण सैतान स्वतः कधी हसवत नव्हता.

दादीमाँला मात्र हा खेळ मान्य नव्हता. “मुर्दे का खेल खेलते क्या रे?” म्हणून ती ओरडायची. चाचा तिला जवळ बसवून रिक दाखवायचा. एकदा ती हसलीही, पदर तोंडाला लावून.

मी अकरा वर्षांचा होतो त्या वर्षी डिसेंबरात चाचा गेला. मुंबईत रस्त्यावरचा अपघात. रात्रभर प्रवास करून मयत सकाळी गावी आली, जोहरनंतर दफन झालं. मीही तीन मुठी माती दिली. सगळे दुआ मागत होते आणि मी आभाळाकडे बघत होतो. निळंशार, कोरडं आभाळ. आमच्या माणमध्ये पावसाळ्यातही ढग सह्याद्रीवरच रिकामे होऊन येतात, डिसेंबरात वीज कुठून चमकणार? हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी येऊन मी कॅसेट गव्हाच्या कोठीमागे टाकली.

मे महिन्यात वळीव आला. रात्रीचे दहा वाजले असतील. पहिली वीज कडाडली आणि मी उठून दारापाशी गेलो. कडी काढायला हात वर केला, पण कडी काढवेना. चाचा यावा असं वाटत होतं. आणि खरंच आला तर, या भीतीनं पाय लटपटत होते. दादीमाँ जागीच होती. काय झालं, तिनं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, रिक, वीज, कबर, सगळं. ती रागावली नाही. मला कुशीत घेऊन आयतुल कुर्सी पुटपुटत राहिली. विजा थांबल्यावरही बराच वेळ. तिचा मुलगा गेला होता, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

लहानपणी तो खेळ मी कधी पुरा केला नाही. शेवट परवा पाहिला. भोपळ्याचा राजा हरतो आणि डायरेक्टर ‘कट’ म्हणतो. सगळं सिनेमाचं शूटिंग होतं. मेलेलं कुणीच नव्हतं. मी मोबाईल उलटा ठेवला.

वळवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा मला कब्रस्तानात घेऊन गेले. पहिल्या पावसानं चाचाच्या कबरीची माती मधोमध खचली होती. नव्या कबरी अशा बसतातच, अब्बा म्हणाले. त्यांनी फावडं घेतलं, मला घमेलं दिलं. पाच घमेली लागली.