खालच्या सुरांची माणसं

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत स्पीकरची वायर घ्यायला गेले होते. दुकानदाराने जोडणी तपासायला पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, जुनं गाणं लावलं आणि मी काउंटरपाशीच थबकले. बास गिटार अक्षरशः छातीत घुमत होती. हेच गाणं लहानपणी ट्रान्झिस्टरवर किती ऐकलं! पण बासची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांची. तळहाताएवढ्या स्पीकरला ती पेलायचीच नाही. म्हणजे पंचमच्या वाद्यवृंदात टोनी वाझ मन लावून बास वाजवत होते आणि आमच्या घरी ते पुरते पोचतच नव्हते.

असं ध्वनिमुद्रणापुरतं वाजवणाऱ्या सेशन वादकाचं काम मला फार मोठं वाटतं. आज हा संगीतकार, उद्या तो. तबल्याची थाप आणि ड्रमचा ठोका यांच्या मधोमध सूर नेमका बसवायचा. तबकडीच्या वेष्टनावर बहुतेकदा नाव नाहीच.

चरणजित सिंगांचंच बघा. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर, सगळ्यांवर हात बसलेला. १९८२ साली त्यांनी रोलँडचं टीबी-३०३ हे बास वाजवणारं यंत्र घेऊन तोडी, मालकंस, यमन हे राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले: शिकागोतलं अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत ऐकू येण्याआधी हा माणूस मुंबईत तसंच काही वाजवून बसला होता! सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ साली ते गेले.