छावणीच्या दारात जात विचारली जाते तेव्हा

गेल्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात पोरांशी गप्पा चालल्या होत्या. कुणाच्या तरी मोबाईलवर गाझातल्या पडलेल्या शाळेचा व्हिडिओ आला. बारावीतला एक पोरगा म्हणाला, "दादा, वाईट वाटतं. पण आपल्याच पोरांची स्कॉलरशिप वेळेवर येत नाही. आपण जगाचं ओझं कशाला घ्यायचं?"

समाजशास्त्रात एम. ए. केलं, इतकी वर्षं वस्तीत काम करतोय, तरी त्या क्षणी मी गप्प बसलो. कारण त्याची तक्रार खोटी नव्हती. उत्तर सुचलं ते घरी गेल्यावर. ते इथे मांडतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या सुमारे 5,000 निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि लेकरं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून सैबेरियात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते इथवर पोचले. त्यांना नुसतं धान्य आणि घोंगडी देऊन वाऱ्यावर सोडलं नाही. छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, दवाखाना होता, पोस्ट होतं, चर्च होतं. म्हातारे झालेले ते विद्यार्थी 2019 साली पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले. युद्धातून पळालेल्या पोराला शाळा मिळाली की काय होतं, याचा पुरावा इथेच आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेवर फाळणीतले सिंधी निर्वासित वसले. आज आपण ज्या गांधीनगरात घाऊक कापड घ्यायला जातो, ते हेच.

पण मित्रांनो, टाळ्या वाजवून थांबू नका. वळिवड्यात ती शाळा भरत होती, तेव्हा आपल्या किती आजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावता येत होता? मग प्रश्न असा पडतो की मदत सगळ्यांपर्यंत पोचते का?

बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला. 18 डिसेंबर 1947 रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना निघू देत नव्हतं, कारण ते गेले तर घाण कोण काढणार? आणि जे इकडे पोचले, त्यांना निर्वासित छावणीत भेदभावामुळे राहता येत नव्हतं. शिधा आणि कपडे मात्र छावणीत राहणाऱ्यालाच मिळत होते. म्हणजे घर जळालं, देश सुटला, तरी जात सुटली नाही.

म्हणून त्या पोराला माझं पहिलं उत्तर हे, की निर्वासितांचा प्रश्न परक्यांचा नाही. तो आपल्या इतिहासातला आहे.

दुसरं उत्तर संविधानाचं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने तर धर्म बघून दार उघडलं. पण कलम 14 आणि 21 मध्ये शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. याच आधारावर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधल्या चकमांच्या जिवाचं रक्षण करायला राज्याला बजावलं. हे चकमा बहुतांश बौद्ध आहेत. तो एक शब्द नसता, तर ते कुठे गेले असते?

तिसरं उत्तर कामाचं. 2015 चा बाल न्याय कायदा सशस्त्र संघर्षाची झळ बसलेल्या मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' मानतो. असं मूल कुठे दिसलं तर 1098 ला फोन करा, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे न्या. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या पोरांनो, तुमच्या वर्गात युद्ध चालू असलेल्या देशातला विद्यार्थी असू शकतो. त्याला खोली मिळत नसेल, तर घरमालकाशी बोलायला सोबत जा. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तेव्हा काय वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि स्कॉलरशिप? तिच्यासाठी समाजकल्याणवर मोर्चा काढूच. पण दुसऱ्याचं पोर उपाशी ठेवून आपल्या पोराला स्कॉलरशिप मिळत नाही. दोघांच्याही वाट्याचं अडवून बसलेला वेगळाच आहे.

कोणत्याही छावणीत आपला पहिला प्रश्न एकच असला पाहिजे: दाराबाहेर कोण राहिलं?

जयभीम!