दोन खोऱ्यांचा फेरा

सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा आणि पुन्हा सातारा हा फेरा सुमारे १२० किलोमीटरांचा आहे. कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात, डोंगराच्या दोन अंगांनी खाली उतरतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला एकमेकींना भेटतात. कृष्णेच्या खोऱ्यातून चढायचे, वेण्णेच्या खोऱ्याने उतरायचे आणि दोघींच्या मधल्या डोंगरांना एका दिवसात सायकलने वळसा घालायचा, असा हा बेत असतो. सपाट मुलखात एवढे अंतर म्हणजे सरावलेल्या स्वाराचा अर्धा दिवस. इथे त्यात हजार मीटरांहून अधिक चढ मिसळलेला असतो. त्यामुळे कोणता चढ कोणत्या प्रहरी येईल आणि दमलेल्या पायांसमोर दिवसाच्या शेवटी कोणता रस्ता उरेल, यावर सगळी आखणी ठरते.

पहिला प्रश्न दिशेचा. मेढ्याकडून सुरुवात केली तर वेण्णेचे खोरे सावकाश उंचावत जाते आणि केळघर सोडल्यावर घाट अंगावर येतो. तो चढ चढूनही जातो, पण मग वाई ते साताऱ्याचा महामार्ग संध्याकाळच्या वाट्याला येतो. ट्रकांची रांग, समोरचे दिवे आणि अंगात त्राण नाही, अशी ती वेळ. उलट साताऱ्याहून पाचवडमार्गे वाईला आधी गेले, तर महामार्ग पहाटेच उरकतो आणि शेवटचा टप्पा मोकळ्या रस्त्याचा राहतो. या दिशेने जाताना डोंगर सतत डाव्या हाताला असतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे ही उलटी प्रदक्षिणा झाली. शास्त्रकारांना महामार्गावरच्या रहदारीची कल्पना नव्हती, एवढेच म्हणता येईल.

ऋतू निवडण्यात फारसा पर्याय नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून १९ किलोमीटरांवरच्या पाचगणीत तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो आणि वाईत त्याहूनही खूप कमी. पावसाळ्यात वाई-पाचगणीमधला पसरणीचा घाट हिरवाकंच, हवाहवासा असतो, पण त्याच दिवशी केळघर घाट धुक्यात बुडालेला आणि दरडीच्या मातीने निसरडा झालेला असू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत खोऱ्यातल्या दुपारी सोसत नाहीत. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने. पठारावर तेव्हा स्ट्रॉबेरीची शेते लालेलाल असतात आणि हवा इतकी स्वच्छ की पाचगणीच्या कड्यावरून धोम धरणाचे पाणी थेट डोळ्यांत भरते.

हिवाळ्यात दिवस मात्र आखूड. डिसेंबरात सात वाजता उजाडते आणि सहाच्या सुमारास मावळते. सहाला निघायचे तर पहिला अर्धा-पाऊण तास अंधाराचा असतो. मागचा लाल दिवा आणि चमकणारे जाकीट त्या वेळी नव्या टायरपेक्षा महत्त्वाचे. महामार्गाच्या कडेला आणखी एक बारीक शत्रू असतो. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्ट्यावर विखुरतात. ते सायकलच्या टायरात शिरतात आणि नवी ट्यूब घातली तरी तिलाही भोक पाडतात. म्हणून पंक्चर काढताना टायर आतून बोटांनी हलकेच चाचपून पाहावा. दोन ट्यूब, पॅच, पंप आणि पाने एवढे सामान पुरते. चाकातला आउट काढणे, ब्रेकचे रबर बदलणे, चेनला तेल देणे ही कामे आदल्या आठवड्यात व्हावीत. आदल्या रात्री सायकल खोलून बसणाऱ्याचा पहाटेचा गजर बहुधा वाया जातो.

थंडीची एक गंमत इथे अनुभवाला येते. उंचावर जावे तशी हवा थंड होते, हजार मीटरांना साधारण साडेसहा अंश, हा नियम खरा. पण निरभ्र रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली घसरून खोऱ्यात साचते. त्यामुळे पहाटे वाईच्या कृष्णाकाठी बोटे आखडतात आणि घाटाची चार वळणे चढल्यावर हवा एकाएकी उबदार लागते. मागे वळून पाहिले तर खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले असते, त्यातून फक्त डोंगरांच्या सोंडा वर आलेल्या. चढ लागण्याआधी जाकीट काढून ठेवावे. ते घालून चढले तर घाम आत मुरतो आणि पुढे उतारावर तोच घाम हुडहुडी भरवतो.

पसरणीचा घाट हा या दिवसाचा गाभा. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आणि उंचीतला फरक ६०० मीटरांच्या आसपास, म्हणजे दर शंभर मीटरांना सरासरी पाच मीटर चढ. हा आकडा भीतीदायक नाही. तो सलग आहे, हीच त्यातली अडचण. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले तर केवळ ते वर उचलायला सुमारे ४७० किलोज्यूल काम करावे लागते. पायांतून सतत १५० वॅट शक्ती काढणाऱ्याला, टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध धरून, एक तास लागतो; १२० वॅट काढणाऱ्याला सव्वा. हे गणित आधी माहीत असले की पहिल्या दोन वळणांवर कुणी पुढे गेल्याचे दुःख होत नाही. गिअरही याच हिशेबाने निवडावा. पुढे ३४ दात आणि मागेही ३४ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि मिनिटाला ७० फेऱ्यांत ताशी जवळजवळ नऊ किलोमीटरांची चाल मिळते. मागे २८ दातच असतील तर त्याच लयीसाठी ताशी अकराची चाल ठेवावी लागते आणि ती सगळ्यांना झेपत नाही. जड गिअरवर रेटत चढणाऱ्याचे गुडघे पाचगणीत बोलू लागतात. पोटाचे तंत्रही सोपे आहे: तासाला अर्धा ते पाऊण लीटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. एका केळ्यात त्यातले २५ ग्रॅम भागतात. राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळी, चिक्की खिशात मावते. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

पाचगणीला पोचल्यावर घाट संपल्याच्या आनंदात पुढचे १९ किलोमीटर हिशेबातून गळतात. हा रस्ता सपाट नाही, तो खालीवर होत राहतो. वाटेत जरा आत असलेले भिलार २०१७पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिकडे वळण्याचा मोह दुसऱ्या दिवसासाठी राखावा. शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्या, घोडे आणि भाजलेल्या कणसांच्या हातगाड्या यांची अशी दाटी होते की सायकल हातात धरून चालावे लागते. हा फेरा आडवारी केलेला बरा.

महाबळेश्वरात पोटभर जेवून लगेच उतारावर निघणे चुकीचे. माचुतरकडून केळघर घाटात उतरताना हातांना आणि डोळ्यांना तेवढेच काम असते जेवढे चढताना पायांना. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक सैल असावेत. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते आणि ट्यूबचा भरवसा राहत नाही. वळणावरची खडी सावलीत दिसत नाही आणि वर येणारी एसटी वळणात अख्खा रस्ता व्यापते. उतारावरच्या गार वाऱ्याला युरोपातले जुने शर्यतपटू छातीशी वर्तमानपत्राचा कागद घालून तोंड देत. हा उपाय आजही स्वस्त आणि चोख आहे.

मेढ्यापासून पुढे चढ जवळजवळ संपतो, पण दुपारी ऊन तापले की वारा खोऱ्यातून वर वाहू लागतो. हिवाळ्यात दख्खनवर वाहणारे पूर्वेकडचे वारेही त्यात मिळतात. त्यामुळे कण्हेर धरणाच्या बाजूने साताऱ्याकडे येताना उतारावरही पेडल मारावे लागते. नकाशावर सोपा दिसणारा हा तुकडा अनेकांना घाटापेक्षा जास्त छळतो. चार-पाच जण असतील तर त्यांनी आळीपाळीने पुढे राहून वारा अडवावा.

वेळेला एक मोजपट्टी आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी जवळजवळ पंधरा किलोमीटरांची चाल. त्या हिशेबाने हा फेरा आठ तासांचा. चढासाठी एक तास वाढवला तरी सहाला निघालेला स्वार तीन वाजता साताऱ्यात येतो आणि उजेडाचे तीन तास शिल्लक राहतात. पंक्चर, पायात गोळे येणे, वाट चुकणे यांसाठी ते राखीव असतात. फोटो आणि गप्पांवर ते आधीच उधळू नयेत. दुपारी एकपर्यंत महाबळेश्वर आले नाही तर केळघरचा विचार सोडावा आणि आल्या वाटेने वाईला उतरावे. वाईत मुक्काम करावा, किंवा सायकल टेम्पोत टाकून साताऱ्याला परतावे.